धर्माळे सरांची बिनगोळीची बंदूक

आमच्या मंडळींकडे किस्से कसे साठतात हे समजून घ्यायचं असेल, तर पावसाळ्यात आमच्याकडच्या काळ्या रानातून एकदा चालून बघा. थोडं पुढं गेलात की चपलेखाली इतकी माती चढते की माणूस वीतभर उंच होतो! मुद्दाम कुणी माती लावून घेत नाही. चालायला लागलं की ती लागतेच. आमचंही तसंच झालंय. स्पर्धेच्या मैदानावर कडुलिंबाखाली डबे उघडले की कुणीतरी म्हणतंच, "तो पोलीस ठाण्यातला किस्सा माईत हाय ना?" सगळ्यांना तो पाठ असतो. तरी सगळे एका सुरात म्हणतात, "नाई बाप्पा, सांग!"

मंडळी म्हणजे अमरावती-अकोल्याकडचे आम्ही खेळाचे शिक्षक. थंडी पडली की शाळांच्या मैदानी स्पर्धा सुरू होतात आणि आम्ही आज या तालुक्याला, उद्या त्या तालुक्याला पंच म्हणून हजर. मी गावंडे, अकोल्याच्या एका शाळेत शिकवते. मैदानावर माझं काम म्हणजे पोरापोरींना ज्याच्या त्याच्या रेषेत उभं करणं. इंगळे मॅडम अमरावतीच्या, स्टॉपवॉचवाल्यांच्या प्रमुख. अन्सारी सर अकोल्याच्या उर्दू शाळेतले, माइक त्यांच्या हातात. आणि आमचे धर्माळे सर, स्टार्टर. "ऑन युअर मार्क, सेट" म्हणून बंदूक वाजवणारे.

ही बंदूक दिसायला हुबेहूब पिस्तुलासारखी, पण तिच्यातून गोळी सुटत नाही. नळी पुढून बंद. काडतुसात नुसती दारू. घोडा ओढला की 'ठो' होतं आणि वरच्या खाचेतून आगीची बारीक जीभ आणि धूर निघतो. आवाज पळणाऱ्यांसाठी, धूर पार दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या स्टॉपवॉचवाल्यांसाठी. एवढंच तिचं काम. पण या वीतभर वस्तूनं आम्हाला जेवढं हसवलंय, तेवढं उद्घाटनाला येणाऱ्या साहेबांच्या भाषणांनीसुद्धा नाही!

* * *

बंदूक नवीन आली तेव्हाची गोष्ट. दुकानदारानं सरांना सांगितलं, "हिले परवाना-बिरवाना काही लागत नाई सर, बिनधास्त न्या." सरांना तो 'बिनधास्त' शब्दच खटकला. दुसऱ्या दिवशी सकाळी शर्टाला इस्त्री करून स्वारी पोलीस ठाण्यात.

"साहेब, मले याच्याबद्दल विचाराचं होतं," असं म्हणत सरांनी पिशवीतून बंदूक काढली आणि टेबलावर ठेवली.

साहेब खुर्चीसकट मागे सरकले. हवालदार कपाटाआड गेला. तक्रार द्यायला आलेली एक बाई तक्रार न देताच बाहेर!

साहेब साताऱ्याकडचे. जरा सावरल्यावर म्हणाले, "अहो सर, विचारायचं होतं तर तोंडानं विचारायचं! ही काय वांगी आहेत होय, पिशवीतून काढून दाखवायला?"

मग त्यांनी बंदूक नीट पाहिली, वर दोन फोन केले आणि सरांना शांतपणे समजावलं. दुकानदाराच्या तोंडी भरवशावर राहायचं नाही, कारण नियम वस्तूगणिक वेगळे असतात आणि बदलतातही. बिल जपून ठेवा, स्पर्धा भरवणाऱ्या संस्थेचं पत्र ठेवा, ठाण्यात लेखी कळवून ठेवा. नेताना कुलूपबंद पेटीत न्या. चारचौघांत उगाच काढू नका, कारण समोरच्याला ती खरीच वाटते आणि घाबरवलं म्हणून गुन्हा होतो तो होतोच. "आणि हे महत्त्वाचं. नळी उघडायची, कोरायची, काही बदल करायचा नाही. तसं केलंत की ही खेळाची वस्तू राहिली नाही. मग तुम्ही टेबलाच्या या बाजूला नाही, त्या गजांच्या आत."

सरांनी सगळं ऐकून घेतलं. निघता निघता साहेबांनाच राहवेना. "आवाज किती होतो हो हिचा?"

सगळे ठाण्याच्या मागच्या अंगणात गेले. सरांनी सगळ्यांना कानांवर हात ठेवायला लावले, हात सरळ वर केला आणि... ठो!

तेवढ्यात आत कोठडीतून किंकाळी आली. "सांगतो साहेब, सांगतो! विहिरीवरची मोटर मीच नेली! वायरही मीच नेली! दुसऱ्या वावरातली पण मीच नेली!"

सकाळपासून 'मले काहीच माईत नाई' म्हणणारा माणूस होता तो. साहेबांनी एकदा कोठडीकडे पाहिलं, एकदा सरांकडे.

"सर, पुन्हा कधी येता?"

* * *

आता धुराचं ऐका. आवाज लांबवर पोचायला वेळ लागतो, धूर लगेच दिसतो. शंभर मीटरवर आवाज ऐकून स्टॉपवॉच दाबलं की पळणारा उगाच वेगवान ठरतो. म्हणून इंगळे मॅडम दर स्पर्धेला नव्या माणसाला दम भरतात, "आवाज ऐकाचा नाई, धूर पाह्याचा! आवाजावर बटन दाबान तं पोट्टं मैदानावर नाई, कागदावर पयते!"

एका वर्षी अंजनगाव सुर्जीला एक नवीन शिक्षक त्यांच्या हाताखाली आले. बिचारे फार प्रामाणिक. मॅडमचं बोलणं त्यांनी मनावर घेतलं. बंदूक वाजली, पोरं सुटली, पोचली. मॅडमनं प्रत्येकाची वेळ विचारली. बाकीचे बारा सेकंद, साडेबारा सेकंद सांगत होते. हे म्हणाले, "चार मिनिटं."

"शंभर मीटरले?"

"हो मॅडम."

"अहो, चार मिनिटांत म्हैस चालत येते!"

शिक्षक गोंधळले, पण मागे हटले नाहीत. "मॅडम, मी तुमच्या सांगण्याप्रमाणे धूर दिसल्याबरोबर दाबलं. धूर तर तेव्हाच निघाला होता!"

सगळ्यांनी तिकडं पाहिलं. धर्माळे सरांच्या बरोब्बर मागे चहावाल्यानं भट्टी पेटवली होती.

तेव्हापासून सरांच्या मागे आम्ही काळा फळा उभा करतो. आणि चहावाला बसतो इंगळे मॅडमच्या पाठीमागे. "इकडं धूर झाला तरी चालते," मॅडम म्हणतात, "आणि चहाही गरम भेटते."

* * *

सर एकदा एसटीनं अमरावतीहून अकोल्याला निघाले. गाडी खच्चून भरलेली. सरांच्या मांडीवर कुलूपबंद पेटी. बडनेऱ्याला शेजारचा म्हणाला, "पेटी वर ठेवा ना काका, पायाले लागून राहिली."

"नाई, ही मायाजवळच राहू द्या."

"असं काय हाय तिच्यात?"

आता कुणीही शहाणा माणूस 'खेळाचं सामान' म्हणेल. पण सरांना खोटं बोलता येत नाही, आणि अर्धं खरंही बोलता येत नाही.

"बंदूक," सर म्हणाले.

शेजारचा उठला. त्याच्या शेजारचा उठला. मागची सीट उठली, पुढची सीट उठली. इतक्या गर्दीत सरांभोवती एवढी मोकळी जागा झाली की पोरांनी क्रिकेट खेळावं! कंडक्टर आला. सरांनी त्याला संस्थेचं पत्र दाखवलं, ठाण्याच्या शिक्क्याची प्रत दाखवली. त्यानं सगळ्या गाडीला मोठ्यानं सांगितलं की ही पळायच्या शर्यतीची बंदूक आहे, हिच्यात गोळी नसते. तरी कुणी बसायला तयार नाही!

शेवटी एक म्हातारी काठी टेकत आली आणि सरांना खेटून बसली.

सरांना भरून आलं. "आजी, तुमाले भेव नाई वाटत?"

"वाटते ना बाप्पा," म्हातारी म्हणाली, "अकोल्यापर्यंत उभं राहाचं लय भेव वाटते!"

* * *

नांदगाव खंडेश्वरच्या स्पर्धेला एक पुढारी पाहुणे म्हणून आले होते. फीत कापून झाली, नारळ फुटला, फुगे सोडून झाले. तरी साहेबांचं मन भरलं नव्हतं. "पयली बंदूक मी वाजवतो."

सर म्हणाले, "वाजवा. पण मी सांगतो तशी."

त्यांनी साहेबांना बाजूला नेलं आणि चांगली शिकवणी घेतली. हात सरळ वर. तोंडाजवळ आणायची नाही. कुणाकडंही रोखायची नाही, गमतीतसुद्धा नाही. मी 'सेट' म्हणेपर्यंत बोट घोड्यावर ठेवायचं नाही. साहेबांनी सगळं मान्य केलं. मग सरांनी त्यांच्या दोन्ही कानांत कापसाचे बोळे घातले. अगदी घट्ट, कारण सर कुठलंच काम अर्धवट करत नाहीत.

मुली रेषेवर आल्या. "ऑन युअर मार्क!" मुली बसल्या. "सेट!" मुलींनी कमरा उचलल्या. साहेबांचा हात वर. सगळं मैदान चिडीचूप.

आता एवढी शांतता पसरली आणि समोर एवढी माणसं दिसली की कुठल्या पुढाऱ्याला राहवेल?

"बंधू आणि भगिनींनो!" साहेब सुरू झाले. हात वरच. "आज या नांदगावच्या पावन भूमीवर..."

"साहेब, वाजवा!" सर ओरडले.

कानांत कापूस! साहेबांना वाटलं, सर शाबासकी देत आहेत. त्यांनी मान हलवली आणि रस्त्याच्या कामावर आले. मुलींचे हात थरथरायला लागले. एक मातीत तोंडघशी पडली. तिला पाहून दुसरी पडली, मग तिसरी. अन्सारी सर माइकवरून कळवळून म्हणाले, "हुजूर, बच्चियाँ गिर रही हैं!"

तेव्हा कुठं साहेबांचं खाली लक्ष गेलं. रेषेवर सगळ्या मुली जमिनीला डोकं टेकवून पडलेल्या.

साहेबांनी हात जोडायचा प्रयत्न केला, पण एका हातात बंदूक. म्हणून दुसराच हात छातीवर ठेवला आणि गहिवरून म्हणाले, "नाई पोरीहो, पाया नका पडू!"

* * *

सरांना चिडलेलं आम्ही एकदाच पाहिलं आहे. हा किस्सा हसण्यासारखा नाही, पण तो सोडून पुढं जाता येत नाही.

दुपारची वेळ होती. सर हात धुवायला गेले. पेटीपाशी अन्सारी सरांना बसवून गेले होते, पण त्यांना कुणीतरी माइक खरखरतो म्हणून हाक मारली आणि ते मिनिटभर उठले. तेवढ्यात आमच्यातल्याच एका तरण्या शिक्षकानं उघड्या पेटीतून बंदूक उचलली आणि मागून येऊन इंगळे मॅडमच्या कानाजवळ धरली. "हँड्स अप, मॅडम!"

मॅडम हसल्या. तोही हसला. आम्हीही हसणारच होतो.

सर कुठून आले कळलं नाही. त्यांनी आधी त्याचं मनगट धरून बंदूक आभाळाकडे वळवली, ती काढून घेतली, उघडली, काडतुसं हातात घेतली. मगच त्याच्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही.

"आत काय होतं, पाह्यलं होतं?"

"सर, कोरं काडतूस तं हाय. गोळी थोडीच हाय."

"टोपी काढ."

त्यानं टोपी काढली. नवीकोरी, निळी, स्पर्धेसाठी घेतलेली. सरांनी ती मैदानाच्या कडेला कुंपणाच्या खांबावर अडकवली, सगळ्यांना लांब उभं केलं, एक काडतूस भरलं, बंदुकीची वरची खाच टोपीला भिडवली आणि घोडा ओढला.

टोपी परत आली तेव्हा तिला मूठ जाईल एवढं भोक होतं. कडा जळून काळ्या झाल्या होत्या. अजून धूर निघत होता.

"आता घाल डोक्यात," सर म्हणाले.

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. इंगळे मॅडम इतक्या वेळ उभ्या होत्या, त्या खाली बसल्या आणि आपल्या कानाला हात लावून पाहायला लागल्या. सर पेटीला कुलूप लावून परत आले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "काडतूस कोरं रायते. माणसानं कोरं राहू नये."

संध्याकाळी त्यानं मॅडमची माफी मागितली. मॅडम म्हणाल्या, "माफ केलं. पण त्या भोकात एकदा तुयं डोकं घालून दाखव, मले पाह्याचं हाय."

ती टोपी आम्ही सामानाच्या खोलीत खिळ्याला टांगली आहे. नवीन पंच आला की आधी टोपीचं दर्शन, मग चहा.

* * *

अकोल्याच्या एका हौशी नाटक मंडळाला शेवटच्या अंकात बंदूक हवी होती. खलनायकाची भूमिका आमच्याच शाळेचे गणिताचे तायडे सर करत होते. त्यांच्या ओळखीनं मंडळी धर्माळे सरांकडे आली. सर म्हणाले, "बंदूक एकटी येत नाई. तिच्यासंगं मी येतो."

आणि आले! रोज तालमीला. नायकाचं काम करणारा पोरगा बँकेत होता, हुशार आणि आज्ञाधारक. सरांनी त्याला पढवलं. माणसावर रोखायची नाही, माणसाच्या बाजूला, रिकाम्या विंगेकडं रोखायची. प्रेक्षकांना खालून फरक कळत नाही. विंगेत त्या बाजूला कुणी उभं राहायचं नाही. दोघांमध्ये चांगलं अंतर. "आणि घोडा ओढला, पण वाजली नाई, तं काय कराचं?"

"पुन्हा ओढायचा?"

"नाई! कधी कधी ती उशिरा पेटते. म्हणून होती तशीच धराची. हलवाची नाई, आत डोकावून पाह्याचं नाई. गप थांबाचं. मनातल्या मनात तीसपर्यंत मोजाचं."

प्रयोगाचा दिवस आला. हॉल भरलेला. परीक्षक पहिल्या रांगेत. शेवटचा अंक. नायक गरजला, "नराधमा, तुझा शेवट जवळ आला!" आणि घोडा ओढला.

टिक्.

काहीच नाही. नायक बंदूक विंगेकडं धरून पुतळ्यासारखा उभा. तायडे सर मरायच्या तयारीत उभे. सेकंद जात होते. खाली खुर्च्या करकरायला लागल्या.

तायडे सर दात न उघडता पुटपुटले, "अरे, मार ना!"

नायकही दात न उघडता म्हणाला, "थांबा, मोजून राहिलो!"

आता काय करायचं? तायडे सर मूळचे गणिताचे, वाट पाहून उत्तर येत नसेल तर दुसऱ्या रीतीनं काढणारे. त्यांनी एकदम छाती धरली, डोळे फिरवले, "तुझी नुसती नजर... नजरच लागली रे मला!" असं ओरडले आणि धाडकन कोसळले.

हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट! परीक्षकांनीसुद्धा माना डोलावल्या. नायकाचं मोजून झालं होतं. सरांनी दुसऱ्या बाजूच्या विंगेतून खूण केली की आता हळूच खाली ठेव. पण पोरगा घाबरलेला. त्याला वाटलं, सर ओढ म्हणतात. त्यानं रिकाम्या विंगेकडं धरूनच दुसऱ्यांदा घोडा ओढला.

ठो!

आणि मेलेले तायडे सर ताडकन उठून बसले. "अगं आई!"

खलनायकाच्या भूमिकेचं बक्षीस त्यांनाच मिळालं. परीक्षकांनी निकाल सांगताना म्हटलं, मृत्यूनंतरही हे पात्र जिवंत राहतं.

* * *

सरांच्या साळ्याचा अंजनगाव सुर्जीकडे संत्र्याचा बगीचा आहे. माकडांनी त्याला जेरीस आणलं होतं. त्यानं सरांकडे बंदूक मागितली. सर म्हणाले, "वस्तू ज्याच्या नावावर, त्याच्याच हातात. तुले देत नाई. मीच येतो."

रविवारी सर बगीच्यात गेले. झाडांवर माकडंच माकडं. सरांनी आधी आजूबाजूच्या वावरांत सांगून ठेवलं, गडीमाणसांना मागे घेतलं, कापसाचे बोळे कानांत घातले आणि हात वर केला. पण इतक्या वर्षांची सवय! तोंडून शब्द निघाल्याशिवाय बोट हलेचना.

"ऑन युअर मार्क!" सर ओरडले. माकडांनी संत्री खाता खाता त्यांच्याकडं पाहिलं. "सेट!" माकडं बघतच राहिली. ठो! बगीचा रिकामा!

साळा खूश. पण पुढच्या रविवारी माकडं परत. पुन्हा सगळा कार्यक्रम. असे बरेच रविवार गेले. मग एक दिवस सरांना साळ्याचा फोन आला.

"भाऊजी, आता तुमी येऊ नका."

"काहून? माकडं गेली?"

"येतात ना. पण आता बंदुकीची गरज नाई. मी नुस्तं बांधावर उभा राहून 'सेट' म्हनतो!"

सरांना त्यानं फोनवरच ऐकवलं. लांबून त्याचा आवाज आला, "ऑन युवर मारक! शेट!" आणि फांद्यांची सळसळ.

सर आजही ही गोष्ट फार अभिमानानं सांगतात. "पोट्ट्यांनी आवाजाआधी पळणं म्हणजे फाऊल. पण माकडांले मी माफ केलं."

* * *

आता हा शेवटचा.

अमरावतीच्या मैदानावर मुलींची चारशे मीटरची अंतिम शर्यत होती. त्यात भातकुलीकडची एक मुलगी होती, प्रणाली. कर्णबधिर मुलांच्या शाळेतली. तिला बंदूक ऐकू येत नव्हती, म्हणून तिच्या शिक्षिका जवंजाळ मॅडम आदल्या दिवशीच धर्माळे सरांना भेटल्या होत्या. दोघांनी मिळून खुणा ठरवल्या. सरांनी डावा हात आडवा केला की रेषेवर बसायचं. दोन्ही हात वर गेले की कंबर उचलायची. आणि धूर दिसला की पळायचं. सर मैदानाच्या आत असे उभे राहिले की तिला मान न वळवता दिसावेत.

"आवाज नाई बेटा, धूर," सर तिला हातवारे करून सांगत होते. तिनं अंगठा दाखवला.

मैदानाला लागून एक मंगल कार्यालय आहे. त्या दिवशी तिथं लग्न होतं.

मी मुलींना रेषेवर लावलं. सरांचा डावा हात आडवा झाला. "ऑन युअर मार्क!" मुली बसल्या. दोन्ही हात वर. "सेट!" कमरा उचलल्या.

आणि त्याच क्षणी भिंतीपलीकडं नवरदेव दारात आला. सुतळी बॉम्ब. धडाम्!

सगळ्या मुली सुटल्या. प्रणाली सोडून! ती तशीच वाकलेली, डोळे सरांच्या हातावर.

चुकीची सुरुवात झाली की स्टार्टरनं पुन्हा बंदूक वाजवून सगळ्यांना परत बोलवायचं असतं. सरांचं बोट घोड्यावर होतं. वाजवली तर धूर निघणार. धूर निघाला तर ही एकटी पोरगी, जी नियमानं थांबली आहे, ती पळणार. सरांनी बोट काढलं, बंदूक खाली केली आणि प्रणालीला तळहात दाखवला, थांब. मग शिट्टी फुंकत मुलींच्या मागे धावले. अन्सारी सर माइकवरून ओरडत होते, "रुक जाओ बेटा, रुक जाओ!" पण पलीकडं आता बॉम्बची माळ लागली होती आणि बँड सुरू झाला होता. कोण ऐकतंय? मुली जीव तोडून पळत होत्या. अख्खी फेरी मारून एक एक करत परत त्याच रेषेवर आल्या. पहिली आलेली दोन्ही हात वर करून आली. तिच्या शेजारच्याच पट्ट्यात प्रणाली हाताची घडी घालून उभी!

मग वाद पेटला. पहिल्या आलेल्या मुलीचे सर तावातावानं आले. "शर्यत झाली! माया पोरीनं जिंकली! निकाल लावा!"

धर्माळे सरांनी बंदुकीचं तोंड जमिनीकडं केलं, ती उघडली आणि काडतुसं तळहातावर घेऊन मुख्य पंचांपुढं धरली. सगळी जशीच्या तशी.

"मायावालीतून धूर निघाला नाई. शर्यत सुरूच झाली नाई."

"अहो, ती उभी राहिली कारण तिले ऐकूच येत नाई!"

"हाव," सर म्हणाले. "म्हणूनच तिनं बंदुकीकडं पाह्यलं. बाकीच्यांनी नवरदेवाकडं."

मुख्य पंचांनी निर्णय दिला, शर्यत पुन्हा. अन्सारी सर स्वतः मंगल कार्यालयात गेले आणि नवरीच्या वडिलांना हात जोडून फटाके थांबवून आले. मुलींना बराच वेळ विसावा दिला, पाणी दिलं, लिंबू-साखर दिली. पण चारशे मीटर जीव तोडून पळलेले पाय ते. पुन्हा रेषेवर येताना निम्म्या मुली लंगडत होत्या.

डावा हात आडवा. दोन्ही हात वर. आणि या वेळी खरंच ठो! काळ्या फळ्यापुढं पांढरा धूर उठला आणि प्रणाली सुटली. पहिल्या वळणावर ती पुढं होती, दुसऱ्यावर आणखी पुढं. शेवटी मागच्या मुलीत आणि तिच्यात इतकं अंतर होतं की इंगळे मॅडमनं पहिली वेळ दाबली आणि पदर खोचून घेतला, मग दुसरी दाबली!

आम्ही सगळे धावलो. जवंजाळ मॅडम रडत होत्या. धर्माळे सरांनी पेटीला कुलूप लावलं आणि तेही आले. प्रणालीला घामाच्या धारा लागल्या होत्या, पण चेहऱ्यावर आनंद काही दिसेना. तिनं मागं लोळत पडलेल्या मुलींकडं बोट दाखवलं, मग स्वतःकडं, आणि बोटांनी भराभर काहीतरी बोलली. जवंजाळ मॅडम रडता रडता हसायलाच लागल्या.

"काय म्हणते पोरगी?" सरांनी विचारलं.

"ती म्हणते, या सगळ्या दोनदा पळाल्या. माझी दुसरी खेप कधी?"